भ्यालेल्या दगडाचा नंदी

दौलत्या,

शिवरात्र होऊन दोन दिवस झाले. देवळात वाहिलेला बेल अजून पुरता सुकलेला नाही. मी ओसरीवर बसून हे लिहितोय. मी कागद घेऊन बसलो की तू हसायचास. "काय गुरवा, मुंग्या सोडून राहिला का कागदावर?" असं विचारायचास. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि म्हणूनच मला आज लिहायची हिंमत होते आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. अकरा दिवस तुझ्या अंथरुणाशी बसलो होतो. पाणी पाजलं, माशा वारल्या, देवाचा अंगारा लावला, पण ती गोष्ट काही तोंडातून निघाली नाही. भीती वाटत होती. आता तू माझं काय वाकडं करणार, असं मनाला किती समजावलं, तरी ती जात नाही.

तू पाथरवट, मी महादेवाचा गुरव. तू दगडातून देव काढायचा आणि मी त्याला पाणी घालायचं, इतकी सरळ वाटणी होती आपली. तू अमरावतीकडचा, मोर्शीच्या वाटेवरच्या कुठल्याशा गावातून गोदावहिनीला घेऊन काटेपूर्णेच्या काठी आमच्या गावात आलास. जाती आणि पाटे-वरवंटे घडवून पोट भरायचास, आणि मधूनच एखादा देव. इथले लोक तुला थोडा वेडा समजायचे. मी पूर्ण वेडा समजायचो.

कारण तू हाडकीत जायचास. गावाबाहेर मेलेली गुरं टाकतात त्या जागेत माणूस कामाशिवाय पाय ठेवत नाही, आणि तू तिथं जाऊन बसायचास. पुंजाजी पाटलाचा तांबडा बैल मेला त्या वर्षीचं आठवतं? कातडं काढून नेलं होतं, गिधाडं उतरून गेली होती, आणि तू रोज सकाळी उठून त्याच्याकडे जायचास, जसं कोणी दुखण्यातल्या सोयऱ्याला भेटायला जावं. मी बाभळीच्या अलीकडे नाकाला धोतराचा सोगा लावून उभा राहायचो. पलीकडे एक पाऊल टाकलं असतं तर मला अंघोळ केल्याशिवाय गाभाऱ्यात जाता आलं नसतं.

"काय पाह्यतं रे त्या मढ्यात?" मी ओरडायचो.

"जिता बैल सारं झाकून ठेवते ना बाप्पा. हा दाखवून राहिला. पाह्य, खांद्याचं मांस हाडाले कसं धरून होतं ते. हे ठाऊक नसलं तं नंदी नाई होत, बोचकं होते."

तू आठ दिवस पाहिलंस, पंधरा दिवस पाहिलंस. बरगड्या उघड्या पडल्या, त्यांच्यावर पाऊस पडला, त्यांच्यातून गवत आलं. तू घरी येऊन ओल्या मातीत ते सगळं दाबून दाबून काढायचास. मला शिसारी यायची आणि ती माती पाहिली की गप्पही व्हायला व्हायचं. सडण्यातून तुला आकार दिसायचा. मला फक्त वास यायचा.

आपलं पहिलं भांडण जुन्या नंदीवरून झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. देवळापुढचा नंदी कुणी घडवला, कधी घडवला, कुणाला माहीत नाही. एक शिंग तुटलेलं, तोंड हातांनी आणि पावसानं इतकं झिजलेलं की नाक कुठं आणि डोळे कुठं ते कळत नाही. तरी बायका यायच्या, एका हातानं त्याचा डावा कान झाकायच्या आणि उजव्या कानात आपलं गाऱ्हाणं सांगायच्या. एका कानातलं दुसऱ्या कानातून जाऊ नये म्हणून. मी म्हणायचो, खंडित मूर्ती पुजू नये, शास्त्र आहे, ती डोहात सोडावी आणि नवी बसवावी.

"मंग माह्या बापालेबी डोहात सोड. त्याचे बी दात पडले," असं म्हणून तू त्या नंदीच्या पाठीवरून हात फिरवायचास. "याले कोन्या पाथरवटानं नाई घडवलं गुरवा. या बायायच्या हातायनं घडवलं. मले असा नंदी करता आला असता तं मी जाती घडवणं सोडून देलं असतं."

मला राग यायचा. नवा, डौलदार, घंटा-साखळ्या कोरलेला नंदी मला हवा होता. शेजारच्या गावचा गुरव शिवरात्रीला आमच्या देवाकडे पाहून हसायचा, ते मला डाचायचं. हे मी तुला कधी कबूल केलं नाही. शास्त्राच्या आड बसलो.

पण दुपारच्या वेळी भांडण बंद असायचं. देवळाची दुपार म्हणजे शुकशुकाट. मी मृदंग घेऊन बसायचो, डाव्या पुडीला कणीक लावायचो, आणि पलीकडे लिंबाखाली तुझी छिन्नी चालायची. आधी ती तिच्या चालीनं चालायची आणि मी माझ्या. थोड्या वेळात कोण कोणामागं जातंय ते कळेनासं व्हायचं. एखादा ठेका मी मुद्दाम वाकडा टाकला तर तू हात थांबवून मान तिरपी करून पाहायचास आणि तिसऱ्या फेरीला बरोबर पकडायचास. "तुह्या हातात ताल हाये, पन डोक्यात नाई," असं म्हणायचास. दौलत्या, त्या दुपारींइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. माझ्या लग्नातही नाही, हे बायकोला सांगू नकोस.

आणि दगड वाजवायला तू मला न्यायचास. ते काम तुझ्याच घराण्याचं, पण तू म्हणायचास की मृदंगवाल्याचा कान पाथरवटाच्या कानाहून बारीक असतो. तू हातोडीनं दगडाला चार ठिकाणी टोले द्यायचे आणि मी डोळे मिटून ऐकायचं. आतून सलग असलेला दगड घंटेसारखा मोकळा वाजतो. कुठं केसाएवढी चीर असली तरी त्या आवाजाखाली दुसरा एक बारीक, चिरका आवाज असतो, तडा गेलेल्या माठाचा असतो तसा. "बोलतो" म्हणालो की तू दगड उचलायचास. "नाही" म्हणालो की तू दुसऱ्यांदा न विचारता पुढं जायचास. दहा वर्षांत तू एकदाही माझा शब्द तपासून पाहिला नाहीस.

मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली आणि आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घातली. जिकडेतिकडे कापसाच्या गाड्या, रस्त्यावर, बाभळींवर, माणसांच्या मिशांवर कापसाचे पुंजके. त्या कापसाला न्यायला आगगाडी आली, आणि तिच्यासाठी सुरुंग आले.

टेकडी फोडत होते तो दिवस मी विसरणार नाही. आपण दोघं लांब उभे होतो. जमीन पायाखाली हलली, पाखरं उडाली, आणि धुरळा बसल्यावर दगडांचा ढीग पडलेला दिसला. माणसांना महिना लागला असता ते काम एका दणक्यात झालं होतं. मी तोंडात बोट घातलं. तू पुढं गेलास, एका दगडाला तळहात लावलास आणि तो लगेच मागं घेतलास.

"हा दगड भेलेला हाये, गुरवा."

"दगड कुठं भेते का?"

"भेते. आमी पाचर ठोकतो, पानी घालतो, वाट पाह्यतो. दगड सवडीनं सुटते. याले काही कळायच्या आतच फोडलं. याच्या पोटात भेव राह्यलं. हा कवा ना कवा दगा देईन."

तेव्हा तुझा चेहरा पाहून मला हसू आलं होतं. लोखंडाची गाडी माणसांना ओढते, वाफेचं यंत्र कापसाचा डोंगर दाबून त्याची पेटी करतं, आणि हा दगडाच्या भीतीची काळजी करतोय. आज वाटतं, सगळ्या वऱ्हाडात तू एकटाच होतास ज्याला त्या घाईतलं काही तरी दिसलं होतं. मला ते दिसलं नाही, मी तर उलट त्याच यंत्राच्या सावलीत जाऊन राहिलो. अकोल्याला एका व्यापाऱ्याच्या वखारीत मारुतीची पूजा करायला मला बोलावलं, आणि एक हंगाम मी तिथं काढला. भिंतीपलीकडे गाठी दाबायचं इंजन सकाळपासून धडधडायचं. परत आलो तेव्हा काही दिवस ती धडधड माझ्या कानात चालू होती. तुला सांगितलं आणि तू एकदम गंभीर झालास. "कान जपजो बे. माह्यापाशी तोच एक हाये," म्हणालास. पंधरा दिवसांत ती धडधड थांबली. थांबली हे तुला सांगायचं राहून गेलं.

पाटलाला देवळापुढं सभामंडप बांधायचा होता, आणि नवा नंदी. नंदीपुरता मोठा, सलग दगड आपल्या खाणीतून काढायला तू एक वर्ष मागितलंस. पाटलाला येती शिवरात्र हवी होती. अकोल्याला स्टेशनाजवळ सुरुंगाचे दगड पडलेत, तिथं चला, म्हणाला. वैशाखातलं ऊन होतं. आपण तिघं निघालो.

दगड मोठा होता, रंगानं काळा कुळकुळीत. पाटील छत्री धरून उभा राहिला. पलीकडे वखारीत तेच इंजन चालू होतं. तू दगडाभोवती दोनदा फिरलास आणि मला म्हणालास, "इंजन थांबू दे, मंग आयक. तुह्या कानाचा भरोसा हाये मले, पन या आवाजात नको."

तेव्हा पाटील बोलला. "हे पाहा, मले वाट पाह्याले टाइम नाई. हा दगड पसंत नसन तं तसं सांगा. रेल्वेनं ममईहून घडलेला नंदी आनतो, पांढराफेक. अन् देवस्थान मोठं होनार तं पूजेलेबी मोठा मानूस पाह्यजे. तेबी त्याच गाडीनं येईन."

तू त्याच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. मी डोळे मिटले, तू चार टोले दिलेस. इंजन धडधडत होतं. मी म्हणालो, "बोलतो."

"नक्की?"

दहा वर्षांत पहिल्यांदा तू दुसऱ्यांदा विचारलंस.

"म्हनतो ना बोलतो म्हनून! किती खेपा सांगू?" मी तुझ्यावर खेकसलो. तू दगडावर हात ठेवलास, आणि या खेपेला तो मागं घेतला नाहीस.

त्यापुढचे महिने मी आनंदात होतो, आता लाज वाटते. गावात दगड आणून त्यावर घातलेल्या मांडवात नंदी आकाराला येत होता आणि मी रोज शेजाऱ्यापाजाऱ्यांना नेऊन दाखवत होतो. अंगावर एक साखळी नाही की घुंगरू नाही. मी नाराज झालो, मग पाहतच राहिलो. खांदा असा, जणू आतून श्वास घेतोय. तांबड्या बैलाचा खांदा होता तो, हाडकीतला. तोंडाशी तू धार ठेवली नव्हतीस. आधीच शंभर वर्षं हात फिरलेले असावेत असं ते मऊ केलं होतंस. बायका आल्या तर त्यांना नवखं वाटू नये म्हणून, असं म्हणालास.

पण दिवाळीच्या सुमारास तू बदललास. एका दुपारी मी मांडवात आलो तर तू नंदीच्या मानेला कान लावून उभा होतास. मला पाहून दचकलास. मग कितीतरी दिवस मला मृदंग आणायला सांगितलं नाहीस. एकदा छिन्नीला पाणी देता देता माझ्याकडे न बघता विचारलंस, "तुले वाजवताना काही तरास होते का रे? आयकू येते ना बराबर?"

मी भडकलो. "तुले काय म्हनायचं हाये ते सरळ म्हन ना!"

"काही नाई. सहज विचारलं."

मी तुझ्याकडे पाठ करून निघून आलो. तू सहज काही विचारत नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी थांबलो नाही.

पौषात नंदी उभा करायचा ठरला. तळ कोरायला तू त्याला कुशीवर पाडलं होतंस. गावातले वीस जण दोर धरून उभे राहिले, आणि ओंडके सारायला चार पोरं मानेखाली. सगळ्यांनी एकाच वेळी ओढावं म्हणून मृदंगावर ठेका द्यायचा असतो, तो मी देत होतो. समेवर ओढ, मग दम, पुन्हा समेवर ओढ. नंदी इंचाइंचानं उठत होता. तू मानेशी उभा होतास, हात न लावता, नुसता डोळे लावून. अर्ध्यापेक्षा वर आला तेव्हा मान खालच्या ओंडक्यावर टेकायला लागली. तू एकदम "थांबा!" म्हणून ओरडलास, पण माझी पुढची सम पडली होती आणि दोरांनी ओढ घेतली होती. तू पेंढ्याचा भारा उचलून मानेखाली झोकून दिलास, त्याच्यामागं स्वतः गेलास. भारा बसला, मान वाचली. तुझा पाय ओंडक्याखाली गेला.

सगळे म्हणाले, पाय घसरला. दोरवाले म्हणाले, आम्हाला काही ऐकू आलं नाही, मृदंग चालू होता. मीही तेच म्हणालो. पण दौलत्या, तू घसरणारा माणूस नव्हतास. तू त्या भाऱ्यामागं का गेलास, हा प्रश्न माझ्या उरावर बसला.

पाटलानं आगगाडीनं न्यायची तयारी केली. अमरावतीला गोरा डॉक्टर आहे, पाय कापेल पण माणूस वाचेल, म्हणाला. तू ऐकलं नाहीस. "मी तिच्यात बसनार नाई. एवढ्या घाईनं मले कुठंच जायचं नाई." मी हात जोडले, वहिनीनं पाय धरले. तू भिंतीकडे तोंड केलंस. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

चौथ्या दिवशी बोटं काळी पडली. सातव्या दिवशी पोटरी. खोलीत तोच वास भरला जो मी बाभळीच्या अलीकडून सोग्यातून घ्यायचो, आणि मला पळून जावंसं वाटलं. तू मात्र पांघरूण बाजूला सारून पायाकडे पाहत पडलेला असायचास, तसाच, जसा त्या बैलाकडे पाहायचास.

"पाह्य गुरवा, काया रंग कसा चढून राह्यला. आधी कडेनं येते, मंग मधात. म्या बैलात पाह्यलं तवा हे नव्हतं समजलं."

"झाक ते, दौलत्या. मले भेव वाटते."

"मलेबी वाटते," तू म्हणालास. "खूप वाटते. पन डोये मिटून काय भेव कमी होते?"

दहाव्या दिवशी तू माझं मनगट धरलंस. हात तापानं भाजत होता. "नंदी मांडवातून हलवायच्या आधी त्याच्या कानात पयले तू सांगजो. दुसऱ्या कोनाले जाऊ देजो नको. आपल्या रीतीनं सांगजो, कान झाकून." मी होकार दिला. तापात बोलतोस असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तेराव्यानंतर, शिवरात्रीला पाच दिवस असताना, मी सकाळची पूजा आटोपून मांडवात गेलो. नंदी उभा होता. मी वाकलो, रीतीप्रमाणे डावा हात त्याच्या डाव्या कानावर ठेवला आणि बोटं कानाच्या खोबणीत गेली. आत काही तरी गुळगुळीत लागलं. दगड नव्हता तो. नखानं टोकरलं तर राळ निघाली, दगडाच्या भुकटीत कालवलेली. राळेखाली चीर होती. कानाच्या आतून निघून मानेखाली उतरलेली, केसाएवढी. तू तिच्यावरच कान कोरला होतास, म्हणजे ती खोबणीच्या अंधारात लपेल.

तू मला या कानाशी का पाठवलंस ते कळलं. भाऱ्यामागं का धावलास तेही. मानेवर भार आला असता तर ती तिथंच सुटली असती, खाली उभ्या असलेल्या चार पोरांवर.

गोदावहिनी चुलीशी बसली होती. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "वहिनी, नंदीच्या कानात राळ हाये. तुमाले ठाऊक होतं?"

तिनं चुलीत लाकूड पुढं सारलं. "राळ म्याच तापवून देली भाऊजी," ती म्हणाली. "दिवायीच्या आधी. तवाच चीर दिसली त्यायले."

"मंग तो बोलला काहून नाई?"

"मी बी हेच म्हनलं. तं म्हने, गुरवाचा कान गेला. अकोल्याच्या इंजनानं खाल्ला. लोकायले समजलं तं त्याचा मृदंग सुटन, देऊळ सुटन. मृदंग सुटला तं तो जगनार नाई. म्हने, मी उभा करताना सांभाळतो, बसवताना सांभाळतो, मंग त्याले कोनी हलवत नाई. तुमाले सांगायचं नाई अशी आन घातली होती मले." तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "राग नका धरू त्यायचा. तुमच्यावर लय जीव होता."

ती माझी समजूत काढत होती, दौलत्या. तिचा नवरा गेला होता आणि ती मला म्हणत होती, राग नका धरू.

तीन दिवस मी नुसता हिंडलो. गप्प बसलो तर नंदी देवळापुढच्या ओट्यावर चढेल, बायका त्याच्या मानेवर हात टाकून कानाशी लागतील, लहान पोरं गळ्याला लोंबकळतील. बोललो तर मी संपलो. नंदीच्या मानेकडे बघितलं की मला प्रत्येक वेळी तिच्याखाली कुणी तरी उभं दिसायचं. शेवटी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, सगळा गाव ओट्याशी जमला असताना, मी पाटलासमोर उभा राहिलो. चीर दाखवली. म्हणालो, दगड मी ऐकून पसंत केला होता, चूक माझी आहे, दौलतची नाही.

पाटील लालबुंद झाला. मग वहिनी पुढं आली आणि म्हणाली, "भाऊजीचा कान गेलेला हाये. इंजनानं गेला. मानसाच्या हातची गोष्ट नाई ते." आणि गाव हळहळला. म्हातारे माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागले. कोणी म्हणालं, मृदंग सोडू नका, हाताला ताल आहे तोवर वाजवा. पाटीलही निवळला. मुंबईचा नंदी येईल तेव्हा येईल, तोवर जुना राहू द्या, म्हणाला.

म्हणजे ते भांडण तू जिंकलास. या शिवरात्रीला झिजलेल्या तोंडाच्या नंदीलाच मी पाणी घातलं.

तुझा नंदी डोहात सोडायचा म्हणत होते. मी म्हणालो, त्याची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तो अजून दगडच आहे, त्याला हाडकीत ठेवू. लोक चमकले, पण वहिनी "हो" म्हणाली. आज त्याला ओंडक्यांवरून तिथं नेलं. मान जमिनीशी राहील असा अर्धा मातीत बसवला, म्हणजे सुटली तरी कोणाच्या अंगावर येणार नाही. पाऊस लागेल, गवत वाढेल, तुला हवा होता तसा तो झिजेल.

माणसं परतल्यावर मी बाभळीच्या अलीकडे उभा राहिलो, नेहमीसारखा. मग पलीकडे गेलो. पहिल्यांदाच. तू सांगितलं होतंस त्याप्रमाणे गुडघे टेकले, त्याचा चिरलेला डावा कान हातानं झाकला, उजव्या कानाशी तोंड नेलं. आणि आवाज फुटला नाही. तिथं ऐकायला कोणी नव्हतं तरी फुटला नाही. म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. आता कागद संपत आला, आणखी पुढं ढकलता येत नाही.

दौलत्या, माझा कान गेला नव्हता. इंजनाचा आवाज जाड होता आणि तो आवाज बारीक होता, तडा गेलेल्या माठाचा, तिसऱ्या टोल्याला. मला मुंबईच्या गाडीनं येणाऱ्या नंदीची भीती वाटली आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या पुजाऱ्याची. मांडवातही, तू ओरडायच्या आधी, मानेतून तोच आवाज आला, आणि हात थांबवला तर सगळे माझ्याकडे पाहतील म्हणून मी आणखी एक सम दिली. दोन्ही वेळा मला ऐकू आलं होतं.